हिरूबाईची बांगडी फुटलेली नाही

हिरूबाई, तू गेलीस ही बातमी मला तुझ्या माणसांनी कळवली नाही. ती मला कल्याणच्या बाजारात भिकाशेठच्या तोंडून कळली. धणे तोलता तोलता तो शेजारच्या दुकानदारास म्हणत होता, "बाई मेली, बांगडी फुटली. आता रान मोकळं." मी समोर उभा आहे हे पाहूनही त्याने वाक्य परत घेतले नाही. उलट तराजू जरा उंच धरला, आणि माझ्याकडे पाहून हसला.

तुझ्याविषयी जे लिहायचे ते रडत लिहायचे नाही, असा निश्चय मी त्याच जागी केला. ठाण्याच्या कचेरीसमोर चिंचेखाली बसून मी उभा जन्म लोकांची गाऱ्हाणी लिहीत आलो. विनंती, दया, मेहेरबानी, गरीबपरवर हे शब्द माझ्या टाकास इतके सवयीचे झाले आहेत की ते न बोलावता उतरतात. आज त्यांतला एकही मी ह्या कागदावर उतरू देणार नाही. तू कोणापुढे तसे बोलली नाहीस. मग तुझ्याविषयी तसे कोणी का लिहावे?

हे लिखाण वर्तमानपत्रात छापून यायचे आहे, आणि वाचणारांत तुला न ओळखणारेही असतील. सबब, तुला ठाऊक असलेलेच चार शब्द प्रथम सांगतो, त्याचा कंटाळा करू नकोस. डोंबिवलीच्या खाडीकाठच्या पाड्यावर मिठागरांत राबणाऱ्या आगऱ्यांच्या घरची तू सून. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून तू मसाला कुटायचीस आणि मातीच्या लहान बोळक्यांत भरून विकायचीस. बायकामुले गावी ठेवून मुंबईच्या गिरण्यांत आणि आगगाडीच्या कारखान्यांत राबणारे पुरुष तुझे गिऱ्हाईक. बोळक्याच्या तोंडावर पळसाचे पान, पानावर फडके, आणि फडक्यावर गेरूत बुडवलेल्या बांगडीचा तांबडा ठसा. त्या माणसांना अक्षर येत नव्हते, पण ठसा ओळखता येत होता. दुकानात जाऊन ते मसाला मागत नसत. "बांगडी द्या," एवढेच म्हणत.

तू प्रथम माझ्यापुढे आलीस तेव्हा मी एका गृहस्थाचा वारसाहक्काचा अर्ज स्वच्छ उतरवीत होतो. न विचारता तू माझ्या लिहिण्याच्या पेटीवर दोन बोळकी ठेवलीस.

"वास घ्या," म्हणालीस.

"बाई, ही कचेरी आहे. स्वैपाकघर नव्हे."

"मंग कचेरीच्या नाकानं घ्या."

मी पहिले बोळके नाकाशी नेले आणि अशी शिंक आली की वारसाच्या अर्जावरची ओली शाई वारसांच्या नावांवरून पसरत गेली. तो गृहस्थ ओरडू लागला. तू मात्र शांतपणे दुसरे बोळके पुढे सरकवलेस. त्याला मिरचीचा वास नावापुरता होता. बाकी भट्टीतल्या विटेचा वास.

"पयला माजा. दुसरा भिकाशेठचा. विटंचा भुगा घातलाय, आन् वर बांगडी माजी लावलीन." मग तुझा आवाज जरा खाली आला. "काल एक गिरनीवाला माज्या पायाशी असंच एक फोरून गेला. बोलला, हिरूबाय, तूबी चोर झालीस."

तू रडली नाहीस. पण ते पहिले बोळके तू दोन्ही हातांत धरून ठेवले होतेस. धंदा बुडतो म्हणून माझ्याकडे येणारे पुष्कळ पाहिले. ते आधी नुकसानीचा आकडा सांगतात. तू तो सांगितलाच नाहीस. तुला चोर म्हटले गेले, आणि तेही तुझ्याच खुणेच्या साक्षीने, एवढीच तुझी फिर्याद होती. अशी फिर्याद माझ्या टाकाखाली त्यापूर्वी आली नव्हती, हे मी तुला सांगितले नाही. गिऱ्हाइकास असे सांगू नये अशी आमच्या धंद्याची रीत आहे.

कायदा मला ठाऊक होता, आणि मी तो तुला यथास्थित समजावून सांगितला. दुसऱ्याच्या मालाची खूण आपल्या मालावर लावून लोकांस फसवणे ह्यास पिनल कोडात शिक्षा आहे. विलायतेत व्यापाऱ्यांच्या खुणांची सरकारी नोंदवही असते असे मी वाचले होते. आपल्या इकडे तशी वही नाही. तेव्हा वाट अशी की, अमुक खूण माझी, इतकी वर्षे मीच ती वापरीत आले, असा जाहीरनामा करून तो रजिस्टर कचेरीत नोंदवायचा, त्याची जाहिरात वर्तमानपत्रात द्यायची, आणि मग वकील देऊन फिर्याद करायची. तू सर्व ऐकून घेतलेस आणि विचारलेस, "ह्ये समदं, माजं माजं हाय म्हनून सांगाला?"

तेथेच मी तुला माझा मोलाचा सल्ला दिला आणि तेथेच आपले पहिले भांडण झाले. बांगडी सोड, असे मी म्हणालो. आपल्या मुलखात ज्यांना लिहिता येत नाही ते कागदाखाली निशाणी करतात. कुणबी नांगर काढतो, दुकानदार तराजू, आणि बाईमाणूस, मग ती कोणत्याही घरची असो, बांगडी. जी निशाणी यच्चयावत बायकांची, ती एकटीची कशी म्हणवणार? त्यापेक्षा सिंह घे. डोक्यावर मुकुट असलेला. फार भारदस्त दिसतो.

"सिंव मसाला खातो का, वकीलदादा?"

"मग हत्ती घे."

"हत्ती तरी कवा मिरच्या कुटतो?"

मी वकील नव्हतो हे तुला पक्के ठाऊक होते. तरी तू मला वकीलदादाच म्हणत राहिलीस, आणि मीही तुला कधी अडवले नाही.

दुसरी अडचण मी दबकतच काढली. तू विधवा. लोक आधीच बोलत होते की, जिच्या मनगटावर बांगडी नाही तिच्या बोळक्यावर ती कशी शोभते. भिकाशेठ तर गिऱ्हाइकांना उघड सांगे, अपशकुनाचा मसाला खाऊ नका. आणि सांगता सांगता तोच ठसा लावून आपला खपवी. हे ऐकल्यावर तू ओच्यातून एक हिरवी काचेची बांगडी काढलीस. गेरूने तिचा एक काठ तांबडा झाला होता.

"मिठागरावरून मानसं सांगत आली, नवरा गेला म्हनून. तवा मी ठसंच मारत बसली व्हती. खाडीवर नेऊन बायांनी माज्या हातान होत्या त्या समद्या फोरल्या. ही गेरूत पडली व्हती घरी, म्हनून ऱ्हायली." तू ती उन्हात धरलीस. "फोरल्या त्या त्याच्या नावाच्या व्हत्या. त्याच्यासंगं गेल्या, बरोबर झालं. ही माजी हाय. ही कनाला फोरू?"

ती का फोडावी, ह्यास उत्तर देईल असे कलम मला आठवेना. मी कागद पुढे ओढला आणि जाहीरनामा लिहायला घेतला. बांगडीचाच.

रजिस्टर कचेरीतला तो प्रसंग आठवला की आजही हसू येते आणि रागही येतो. सबरजिस्ट्रार मजकूर वाचीत गेला आणि त्याच्या भुवया वर चढत गेल्या. शेताचा दस्त नाही, मृत्युपत्र नाही, दत्तकपत्र नाही. शेवटी त्याने तुलाच विचारले, "बाई, बांगडी गहाण टाकायची आहे का?"

"नाय. ती माजी हाय, त्ये लिवायचं हाय."

"बांगडी बाईचीच असते. ते लिहायला सरकार कशाला?"

सगळी कचेरी हसली. मी तेव्हा उठून उभा राहिलो आणि दस्त नाकारण्याचे कारण लेखी मागितले. लेखी म्हणताच हसू थांबले, आणि किरकोळ दस्तांच्या बुकात तुझी बांगडी दाखल झाली. हे मी केले, हिरूबाई. ह्याचे श्रेय मी कोणासही देणार नाही, तुलासुद्धा नाही.

मात्र सहीच्या जागी तू आणि मी पुन्हा अडलो. रिवाजाप्रमाणे मी तुझ्या नावापुढे टाकाने एक वाटोळे काढले आणि बाजूस लिहिले, निशाणी बांगडी. तू वाकून पाहिलेस. "ही माजी नाय. ही तुमची बांगडी." तुझे म्हणणे, कागदावर खरी बांगडी गेरूत बुडवून उठवावी. माझे म्हणणे, सरकारी कागद म्हणजे बोळक्याचे फडके नव्हे. मी रिवाजाने वागलो. पुढे कोर्टात जे झाले ते झाले, तरी रिवाज तोच होता, हे मी तुला अखेरपर्यंत सांगत आलो आणि आजही सांगतो.

कोर्टात जे झाले ते असे. भिकाशेठच्या वकिलाने जुन्या कागदांचा गठ्ठाच आणला. खंडपत्रे, कबुलायती, पावत्या, आणि प्रत्येकाखाली एकेक बांगडी. मला साक्षीला उभे करून त्याने विचारले, "अर्जनवीसबुवा, हे अक्षर कोणाचे?"

"माझे."

"आणि ही बांगडी हिरूबाईची का?"

"नाही."

"बरे, ही? तीही नाही. ही? ही तर आपण काढलेली उत्तम बांगडी आहे. आणि आता फिर्यादी बाईंचा हा नोंदवलेला दस्त पाहा. ह्याखालीही तसेच वाटोळे, त्याच हाताचे. म्हणजे जिल्ह्यातल्या बायकांची जी निशाणी, तीच ही. हिरूबाईची वेगळी म्हणून काही नाहीच."

आपला वकील कागद उलटेपालटे करू लागला. मी पिंजऱ्यातून तुझ्याकडे पाहिले नाही. मग मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोपीची जबानी घेतली. भिकाशेठ छाती काढून म्हणाला, "हुजूर, बांगडी काय कोणाच्या बापाची आहे? ती सगळ्यांची निशाणी. जो तो लावतो, तशी मीही लावली." जबानी लिहून झाली, वाचून दाखवली गेली, आणि साहेबांनी त्यास निशाणी करण्यास सांगितले. भिकाशेठला अक्षर येत नव्हते. त्याने टाक उचलला आणि सवयीने तराजू काढू लागला.

तेव्हा मागून तुझा आवाज आला.

"सायेब, यक इचारू?"

पट्टेवाला "चूप!" म्हणून धावला. साहेबांनी त्यास हाताने थांबवले.

"आत्ता बोलला ना, बांगडी समद्यांची निशानी हाय म्हनून? मंग तराजू कनाला काडतोय? बांगडी काडू दे."

साहेबांनी चष्मा खाली ओढला, जबानी पाहिली, भिकाशेठकडे पाहिले. "बाई म्हणते ते खरे आहे. शेठ, बांगडी काढा."

"हुजूर, मी?" भिकाशेठचा चेहरा तुझ्या मिरचीसारखा झाला. "मी काय बाईमाणूस आहे? माझी निशाणी बांगडी कशी असेल?"

"तुमची नाही?"

"कशी असेल, हुजूर! उद्या बाजारात तोंड कसं दाखवू?"

"मग तुमच्या बोळक्यावर ती कोणाची आहे?"

त्याच्या वकिलाने त्याचा अंगरखा मागून ओढला, पण उशीर झाला होता. हसणाऱ्यांत पट्टेवालाही होता. भिकाशेठ टाक हातात धरून तसाच उभा राहिला. ते वाटोळे काढले असते तर त्याची जबानी तरी टिकली असती. पण तेवढे त्याच्या हातून झाले नाही.

त्यास शिक्षा झाली, खोटी बोळकी कोर्टासमोरच्या मैदानात फोडली गेली, आणि विटेचा भुगा वाऱ्याने आमच्या चिंचेपर्यंत आला. निकालात माझ्या जाहीरनाम्याचा आणि कलमाचा उल्लेख आहे. तुझ्या बोलण्याचा नाही. हे मी तुला किती वेळा वाचून दाखवले! आणि तू दर वेळी तेच म्हणालीस, "दादा, कागदानं त्याला कोर्टात आनला. पाडला तो मी." मी हे मान्य केलेले नाही. नुसत्या बोलण्यावर न्याय चालत असता तर माझ्यासारख्यांनी चिंचेखाली बसून काय केले असते? हा वाद अर्धाच राहिला आहे. तो पुरा न करता तू उठून गेलीस. हे गैर झाले.

आणि एक वाद राहिला, जाहिरातीचा. निकालानंतर मी मजकूर सिद्ध केला होता. तमाम लोकांस कळविण्यात येते की, अशी सुरुवात आणि शेवटी कलमाचा धाक. तू ऐकता ऐकता जांभई दिलीस.

"येवरं कोन वाचंल? लिवा सरळ, ज्याला हिरूबायची बांगडी पायजे त्यानं हात पुरं करावा. भरतू."

"हात पुढे करा, बांगडी भरते! असली भाषा माझ्या हातून छापून जाणार नाही."

"मंग तुमच्या हातात भरतू एक."

असे म्हणून तू मला देण्यासाठी आणलेले बोळके पेटीवरून उचललेस आणि चालती झालीस. जाहिरात माझ्या मजकुराची गेली. पुढच्या बाजारी ते बोळके पेटीवर परत आले. तुझे ठाण्यास येणे होई तेव्हा एक बोळके येई, आणि मी दर वेळी म्हणे, फार तिखट करतेस, घरी कोणी खात नाही. हिरूबाई, आमच्या घरी त्याच्यावाचून कालवण होत नाही. मी परगावी गेलो तर पुडी बांधून बरोबर नेतो. आता घरात एकच बोळके उरले आहे, आणि घरातल्या माणसाने कालपासून त्यातून घेताना चमचा लहान केला आहे. मी ते पाहिले.

रडायचे नाही असे ठरले आहे. पुढे लिहितो.

एकदा उन्हे कलली असता तू चिंचेखाली टेकली होतीस आणि विचारलेस, "दादा, तुमची निशानी कंची?" मी ऐटीने माझी सही दाखवली, प्रत्येक अर्जाखाली लिहिणाराची सही असतेच. तू ती निरखून म्हणालीस, "ही तर समद्यांच्या कागदाखाली हाय. तुमचा सोताचा कागद कंचा?" मी तुला उठवून लावले. कामाची वेळ आहे म्हणालो. काम काही नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर इतके दिवस माझ्याजवळ नव्हते. आज आहे. हा तो कागद. हा कोणी सांगितला म्हणून लिहिलेला नाही.

बाजारातून मी तडक तुझ्या पाड्यावर गेलो. तुझी सून यमी मिरच्या निवडीत बसली होती. सुतकात निवडतेस का, असे एक म्हातारी तिला टाकून बोलत होती. यमीने मला जे सांगितले ते ऐकून, हिरूबाई, तू निश्चिंत हो. तुला खाडीवर नेताना तीच म्हातारी म्हणाली होती की, विधवेची बांगडी मागे ठेवू नये, तिच्यासंगे सरणावर टाका. सगळ्या बायका शोधू लागल्या. बांगडी सापडली नाही. यमीने ती गेरूच्या वाडग्यात बुडवून ठेवली होती.

"आत्यानं त्या टायमाला जिथं वाचवली, थितंच मीबी ठेवली," ती म्हणाली. मग मिरच्यांचे सूप बाजूस सारून विचारले, "दादा, बाजारान लोक बोलतात बांगडी फुटली. कागद करावा लागंल ना?"

कागद झाला. तीच रजिस्टर कचेरी, सबरजिस्ट्रार नवा. यमी हिरूबाईची वारस, खूण वंशपरंपरेने तिची, धंदा खंड न पडता चालू, असा चोख मजकूर मी उतरवला. सहीच्या जागी आलो आणि रिवाजाप्रमाणे वाटोळे काढण्यास टाक बुडवला. यमीने कागद माझ्या पुढ्यातून ओढून घेतला. ओच्यातून पानाची पुडी काढली, पुडीतला ओला गेरू, आणि त्यात ती हिरवी बांगडी. तिने ती कागदावर ठेवली आणि तळहाताने दाबली.

"अहो, हे काय करता?" सबरजिस्ट्रार उठलाच. "सरकारी कागद आहे!"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी कचेरीचे सगळे रिवाज जाणतो, आणि हे सर्वांना माहीत आहे. मी टाक खाली ठेवला.

"साहेब, निशाणी झाली आहे. नोंद करा," मी म्हणालो.

त्याने नोंद केली. वाटोळे एका बाजूस जरा चपटे आले आहे, कारण ती बांगडी तशीच आहे. जिल्ह्यात तशी दुसरी नाही. पुन्हा कोणी वकील गठ्ठा घेऊन आला, तर त्याने त्यातून तिची जोड काढून दाखवावी.

आता जाहिरात राहिली. ती वेगळी देत नाही, येथेच देतो. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मसाल्याच्या बोळक्यांवरील बांगडीची खूण मयत हिरूबाई हिची होती, तिच्यामागे तिची सून यमी हिची आहे, व तसा दस्त रीतसर नोंदवला आहे. याउपर कोणी ती खूण लावील तर त्याजवर कायद्याप्रमाणे इलाज करण्यात येईल.

इतके माझे. ह्यापुढचे तुझे आहे, आणि ते माझ्याच हातून छापून जात आहे, एक अक्षर न बदलता.

ज्याला हिरूबायची बांगडी पायजे त्यानं हात पुरं करावा. भरतू.